मामा आतून कडी लावतो

आमचा सुदाम मामा कुणाच्याही नव्या भाड्याच्या घरात शिरला, की आधी सरळ बाथरूममध्ये जातो आणि आतून कडी लावून घेतो. बाहेर घरमालक किल्ल्या घेऊन उभा, एजंट घाम पुसत उभा आणि ज्यांना घर घ्यायचंय ते नवरा-बायको एकमेकांकडे बघत उभे. थोडा वेळ काहीच होत नाही. मग आतून आवाज येतो, "ढकला."

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काय ढकलायचं तेच कळत नाही. एका मालकिणीला वाटलं, पाहुण्यांचं पोट बिघडलंय. तिनं बिचारीनं ओवा आणि कोमट पाणी आणून दाराशी ठेवलं. मामा बाहेर आला, ओवा तोंडात टाकला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बाई, कडी ढिली हाय. मी ढकला म्हणायलो आन तुम्ही ओवा आणायला गेल्या." त्या घराला त्यानं नापास केलं. ओवा मात्र चांगला होता म्हणे.

सुदाम मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याची सगळी नोकरी वाळूजच्या एका कंपनीत गेली, दुचाकीचे सुटे भाग तपासण्यात. भाग समोर आला की हातात घ्यायचा, मापात घालायचा, बोट फिरवायचं आणि हिरवा नाही तर लाल ठिपका द्यायचा. लाल ठिपका पडलेला भाग मोठ्या साहेबांनी शिफारस केली तरी पुढं जायचा नाही, असं मामा सांगतो. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे, कारण माझ्या भाकरीला त्यानं आजवर एकदाही शिफारशीवर पास केलेलं नाही. "कडंला जाड हाय," म्हणतो, आणि तीच भाकरी मिटक्या मारत खातो.

निवृत्त झाल्यावर कंपनीतले भाग समोर यायचे बंद झाले, मग मामानं बाकीचं जग तपासायला घेतलं. हॉटेलात गेला की स्टूल आधी हलवून बघणार, मग बसणार. रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याला ब्रेक दाबून दाखवायला लावणार. एका लग्नात नवरा-नवरी स्टेजवर यायच्या आधी हा स्टेजवर चढून टाचा आपटत होता, आणि वऱ्हाडी मंडळींना वाटलं की नवरीचा मामा आनंदानं नाचतोय. मामी म्हणते, "मला बघायला आले व्हते तवाबी आधी खुर्ची हलवून बघितली. माझ्या बापाला वाटलं, पोरगा लई गर्विष्ठ हाय." मामा शांतपणे सांगतो, "खुर्चीचा एक पाय आखूड व्हता." आणि मामी पुढं म्हणते, "ते खरंय. पण माझ्याकडं कवा बघितलं, इचारा की."

पडेगावच्या बाजूला मामाचं स्वतःचं छोटं घर आहे. त्या घराला एक खिडकी आणि एक पाटी आहे, आणि पाटी खिडकीपेक्षा मोठी आहे. पाटीवर मामाचं नाव, वडलांचं नाव, आडनाव आणि खाली 'गुणवत्ता निरीक्षक (निवृत्त)'. अक्षरं एवढी ठळक की रस्त्याच्या पलीकडून चष्म्याशिवाय वाचता येतात. पोस्टमन त्या गल्लीत कुणाचाही पत्ता सांगताना पाटीपासून सुरुवात करतो. मी एकदा म्हटलं, "मामा, एवढी मोठी पाटी आमदाराच्या घरालापण नसते." तर म्हणाला, "त्यांचं नाव सगळ्यांना मालूम असतं. आपलं आपल्याला सांगावं लागतं."

घरं तपासायचा नाद कधी लागला ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. एवढं खरं, की आता नात्यातल्या, गल्लीतल्या, कंपनीतल्या कुणालाही भाड्यानं घर घ्यायचं असलं की आधी मामाला फोन जातो. मामा जुन्या स्कूटरवर येतो. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक काचेची गोटी, एक स्टीलचा गडू, एक नाणं, मोबाइलचा चार्जर, स्क्रू ड्रायव्हर आणि मामीच्या टिकल्यांची दोन पाकिटं.

गोटी फरशीवर ठेवायची, कुठं पळते ते बघायचं. गडूभर पाणी मोरीत ओतायचं, जाळीकडं जातं की उंबऱ्याकडं ते बघायचं. नाण्यानं फरशा वाजवायच्या. "आवाज ऐका," असं म्हणून तो सगळ्यांना वाकायला लावतो. खालून पोकळ असलेली फरशी वेगळी वाजते, आणि ते एकदा ऐकलं की तुम्हालाही आयुष्यभर ऐकू येत राहतं. मी आता दवाखान्यात नंबर लावून बसले तरी पायानं फरशी वाजवून बघते. चार्जर प्रत्येक प्लगात घालून बघायचा. आणि जिथं जिथं दोष सापडेल तिथं लाल टिकली लावायची, जे ठाकठीक असेल तिथं हिरवी.

टिकल्यांची युक्ती मागाहून आली. आधी मामा लाल खडूनं गोल काढायचा. नव्या रंगाच्या भिंतीवर लाल गोल बघून एका मालकाला चक्कर यायची बाकी राहिली. मग मामीनं ड्रॉवरमधून टिकल्या काढून दिल्या. लावता येतात, काढता येतात, डाग पडत नाही. गुलमंडीच्या बाजारातला दुकानदार मामाला एवढ्या टिकल्या घेताना बघून पहिल्यांदा काही बोलला नाही. दुसऱ्यांदा त्यानं हळूच विचारलं, "काका, घरात मुली किती?"

टिकल्या लावता लावता व्हिडिओ. इथं मामाचे नियम कडक आहेत. घर घेणाऱ्यानं आधी उंबऱ्यात उभं राहायचं आणि कॅमेऱ्याकडं बघून स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं. वडलांच्या नावासकट, आडनावासकट, मोठ्यानं. मग मामा उजव्या हाताच्या भिंतीपासून सुरू करतो आणि सगळं घर फिरून पुन्हा उंबऱ्यात येतो. मागून त्याचा आवाज चालूच असतो. "हा दिवाणखाना. ही खिडकी. वरची बिजागरी गंजलेली, लाल टिकली. मालक, हाय का नाय गंजलेली? बोला, कॅमेऱ्यात बोला." मालक गोरामोरा होऊन म्हणतो, "आहे." शेवटी तो व्हिडिओ दोन्ही पक्षांना पाठवायचा आणि मालकाकडून 'मिळाला' असं उत्तर आल्याशिवाय मामा तिथून हलत नाही. मालकाच्या मोबाइलमध्ये जागा नसली तर त्याचे 'शुभ सकाळ'चे गुलाबाचे फोटो खोडून जागा करून देतो.

शकीलभाई नावाचे एक एजंट आहेत, मामानं त्यांच्या नाकी नऊ आणले आहेत. "मामू, मकान है ये, गाडी का पुर्जा नहीं," ते कळवळून म्हणतात. "काय को इतना ठोक ठोक के देख रै? मैं जुबान देरा हूं ना." मामा नाणं वाजवता वाजवता म्हणतो, "तुमची जुबान पास हाय, शकीलभाई. फरशी नापास हाय." पण परवा शकीलभाईंच्या मेहुण्यानं घर घेतलं तेव्हा त्यांनी मामाला घ्यायला घरी रिक्षा पाठवली होती. मी ही गोष्ट सगळ्यांना सांगते. आमच्या घराण्यात कुणी मोठा साहेब झाला नाही, कुणी परदेशात गेलं नाही. पण अर्ध्या शहरातली भाडेकरू माणसं आमच्या मामाची वाट बघत उंबऱ्यात थांबतात, आणि मला त्याचा अभिमान आहे.

त्या व्हिडिओंनी किती जणांची अब्रू वाचवली! आमच्या मामाच्या शेजारचा एक पोरगा घर सोडायला लागला तेव्हा मालक म्हणाला, बेसिन तुम्ही फोडलं. पोरगा रडकुंडीला आला. मामानं मोबाइल काढला आणि मालकाला त्याचाच आवाज ऐकवला, "हो हो, ते बेसिन आधीपासूनच तडकलेलं आहे, लावा टिकली." मालक बराच वेळ आपलं बोलणं ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, "माझा आवाज असा आहे होय?"

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, पण माझ्या स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा माझं हसू पळालं होतं.

मी औरंगपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. बरीच वर्षं मुलींच्या हॉस्टेलवर राहत होते. आई गावाकडं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की पुढचे काही महिने तिला दवाखान्याच्या जवळ ठेवा, जिने चढू देऊ नका, खाली बसू देऊ नका. म्हणजे मला घर हवं होतं, तळमजल्यावर, कमोडवालं, आणि लगेच.

घरं होती. घरांना काय तोटा. मी फोन करायची, समोरची बाई गोड बोलायची, बघायला बोलवायची, चहासुद्धा करायची. मग विचारायची, "तुम्ही कोण?"

"मी लॅबमध्ये काम करते."

"तसं नाही. म्हणजे, कोण?"

मी आडनाव सांगायची. आम्ही बौद्ध. आमचं आडनाव ऐकलं की इथल्या माणसाला बाकी काही विचारावं लागत नाही. मग त्या बाईला एकाएकी आठवायचं, की तिचा पुतण्या शिकायला येणार आहे आणि घर त्याला द्यायचं ठरलंय. पहिल्या घरी पुतण्या पुण्याहून येणार होता. दुसऱ्या घरी नांदेडहून. तिसऱ्या घरी मी नाव सांगून होईपर्यंत पुतण्या निघालासुद्धा होता. त्या महिन्यात या शहरात एवढे पुतणे येणार होते, की ते सगळे खरोखर आले असते तर बसस्टँडवर उभं राहायला जागा मिळाली नसती. मी हॉस्टेलवर येऊन मैत्रिणीला ही सोंगं काढून दाखवायची. ती हसायची, मीही हसायची. मग दिवा बंद केला की हसू येत नसे.

मग सिडकोत अण्णांचं घर मिळालं. अण्णा म्हणजे सत्तरीचे गृहस्थ, एकटे. वर स्वतः राहायचे, खालचं दोन खोल्यांचं घर भाड्यानं द्यायचे. दार रुंद, पायरी एकच, बाथरूममध्ये कमोड. अण्णांनी मला फक्त एवढंच विचारलं, "आईला वॉकर लागतो का? मग उंबऱ्यापाशी उतार करून घेऊ." बाकी काही नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. भाडेकरार सोमवारी व्हायचा होता, त्यावर माझं नाव येणारच होतं. पण सामान आणि आई रविवारीच यायची होती. एकदा आई आत पलंगावर आडवी झाली की कोणत्याही गावाचा पुतण्या तिला उठवणार नाही, असा माझा हिशेब होता.

म्हणून मी मामाला फोन केला आणि म्हटलं, "मामा, या वेळी तपासणी नको."

 "कामून?" मामानं लगेच विचारलं.

"घर चांगलं आहे. मी बघितलंय."

"कडी बघितली का?"

"मामा, मला हे घर हवंय. आईला हवंय. तू टिकल्या लावत बसलास, त्यांना नाव-गाव ऐकवत बसलास आणि ते बिथरले, तर मी आईला कुठं नेऊ?"

"बरं," मामा म्हणाला. "फकस्त सामान उतरवायला येतो."

रविवारी सकाळी टेम्पो आला. मागून रिक्षातून आई आणि मामी. आणि स्कूटरवरून मामा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. खांद्याला पिशवी होती. मी पिशवीकडं बघितलं, त्यानं आभाळाकडं बघितलं.

अण्णा किल्ली घेऊन खाली आले. मी आईला रिक्षातून उतरवलं, वॉकर तिच्या हातात दिला. आणि मी वळून बघते तो मामा उंबऱ्यासमोर मोबाइल धरून उभा.

"सुजाता, हितं उभी ऱ्हा," तो म्हणाला. "नाव सांग."

 मी डोळ्यांनी त्याला नको म्हटलं. त्याचे डोळे मोबाइलमध्ये. अण्णांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

"रिवाज हाय आमचा," मामा म्हणाला. "घर घेणाऱ्यानं आधी नाव सांगायचं, मग घर बघायचं. सांग बाळा."

"सुजाता," मी म्हटलं.

"पूर्ण."

मी पूर्ण नाव सांगितलं. बोलले म्हणजे ओठ हलवले. मामा म्हणाला, "आवाज नाय आला. परत."

मला त्याचा एवढा राग आला, की तो मोबाइल हिसकावून गटारात टाकावा असं वाटलं. आई मागं वॉकरला धरून उभी होती. तिचा पाय थरथरत होता, आणि ती माझ्याकडं बघत होती. तिनं मान सरळ केली. का कोण जाणे, मला माझीच लाज वाटली. घर आईसाठी घ्यायचं आणि तिच्याच दारात तिच्या नवऱ्याचं नाव गिळायचं. मी माझं नाव, बाबांचं नाव आणि आडनाव असं मोठ्यानं सांगितलं, की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई चिमटा हातात धरून बघत राहिली.

"ओके," मामा म्हणाला.

अण्णा उभेच होते. किल्ली मुठीत. ते माझ्याकडं बघत होते, आईकडं बघत होते, मामाच्या शर्टाकडं बघत होते. टेम्पोवाला पलंगाचा एक पाय खांद्यावर घेऊन तसाच थांबला होता. मग अण्णा घसा साफ करून म्हणाले, "माझा एक पुतण्या आहे."

मी डोळे मिटले. संपलं. पलंग पुन्हा टेम्पोत, आई पुन्हा रिक्षात.

"तो नळाचं काम करतो," अण्णा म्हणाले. "सिंकखाली जरा गळतंय. ते त्याच्याकडून करून घेऊ, पण तुमच्या त्या व्हिडिओत आधी येऊ द्या. आणि माझं नाव नाही का घ्यायचं? घर माझं आहे."

मी डोळे उघडले. अण्णा माझ्याशेजारी उंबऱ्यात येऊन उभे राहिले होते आणि सदऱ्याची वरची गुंडी लावत होते. त्यांनी कॅमेऱ्याकडं बघून आपलं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्याचंही सांगितलं.  आजवर मामाच्या एवढ्या व्हिडिओंमध्ये मालकानं आपणहून नाव सांगितलेला हा एकच व्हिडिओ असावा. मामानं मोबाइल खाली केला, अण्णांकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "पाटबंधाऱ्यात व्हता आन सिंक गळतंय?"

"म्हणून तर," अण्णा म्हणाले. "घरचं काम कोण करतं?"

त्यानंतर त्या दोघांनी मिळून जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. गोटी काढली गेली. ती दिवाणखान्यातून निघाली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन थांबली, आणि अण्णा तिच्यामागं वाकून चालत गेले. "अहो, म्हणून मी खाली राहायचो तेव्हा औषधाची गोळी पडली की कायम इथंच सापडायची," असं म्हणून ते हरखून गेले. आपल्याच घरातल्या फरशा त्यांनी नाण्यानं वाजवल्या. जिथं मामाला दोष सापडत नव्हता तिथं अण्णा त्याला बोट धरून नेत होते. "इथं लावा टिकली. इथं ओल येते, गेल्या खेपेच्या भाडेकरूला मी सांगितलंच नव्हतं." दुपारपर्यंत माझ्या घराच्या भिंती लाल-हिरव्या टिकल्यांनी भरल्या, आणि दोघं म्हातारे फरशीवर बसून मामीनं आणलेली भाकरी आणि ठेचा खात होते. मामानं भाकरी उलटून बघितली. अण्णांनीही बघितली.

एरवी मामा आधी बाथरूममध्ये शिरतो, पण या वेळी ते शेवटी राहिलं होतं. त्याचं एक कारण होतं. कडी होती, चांगली होती, पण फार वर होती, आणि ती खाली घ्यायचं काम वेळखाऊ होतं. आईला वॉकर सोडून हात उंचावावा लागला असता. मामानं अण्णांना विचारलं, अण्णांनी वरून ड्रिल मशीन आणलं, आणि मामा आत शिरून कडी खाली घ्यायला लागला. मी आणि मामी गादीच्या गुंडाळीवर चहा घेऊन बसलो. आई खुर्चीत. अण्णा उताराची जागा मोजायला बाहेर गेले.

"मामी," मी म्हटलं, "हे कडीचं वेड यानं कंपनीतून आणलं का गं?"

मामी हसली. "कंपनीत कुठली कडी?" मग चहाचा घोट घेऊन ती सहज बोलावं तसं बोलायला लागली. "आमचं लगीन झालं तवा गुलमंडीच्या मागं एका गल्लीत खोली घेतली व्हती. खोली कसली, पत्रे व्हते वर. त्या मालकानं नाव इचारलं नाय. ह्यांना एवढा आनंद झाला, की खोली बघितलीबी नाय, सामान आणून टाकलं. मागून बघतो तर न्हाणीघर अंगणात, सगळ्या भाडेकरूंचं मिळून एक, आन दाराला कडीच नाय."

"मग मालकाला सांगायचं ना."

"कसं सांगायचं? बोललं की बोलणं वाढतंय. बोलणं वाढलं की त्यो इचारणार, तुम्ही कुणाचे, कुठले. म्हणून गप ऱ्हायलो." मामीनं बाथरूमच्या दाराकडं बघितलं. आतून ड्रिलचा आवाज येत होता. "मी आत गेले की हे बाहेर दाराला पाठ लावून उभे ऱ्हायचे. रोज. कंपनीचे कपडे घालून. गल्लीतले लोक हसायचे. बायकोचा चौकीदार म्हणायचे. रात्रपाळी असली की मी बसून ऱ्हायचे, हे घरी आले की मग आंघोळीला जायचे. ती खोली सोडस्तोवर हेच. एक दिवस बी मला म्हणाले नाय, की आज उशीर झाला."

 आई खुर्चीतून म्हणाली, "मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

"काय सांगायचं, अक्का," मामी म्हणाली. "बायको आंघोळ करायली आन मी दार धरून उभा, हे ह्यांनी भैणीला सांगायचं का?"

तेवढ्यात ड्रिल थांबलं. कडी सरकल्याचा आवाज आला. आणि आतून मामा म्हणाला, "ढकला."

आजवर मी कितीतरी घरांची दारं अशी ढकलली आहेत. एका बोटानं ढकलायची, हसत हसत, कारण सगळा तो एक खेळच होता. त्या दिवशी मी चहा खाली ठेवला, उठले, दाराला खांदा लावला आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. दार हललं नाही.

"अजून," आतून आवाज आला.

मामीही उठून माझ्याशेजारी आली. आम्ही दोघींनी मिळून ढकललं. चौकट कुरकुरली, पण कडी जागची हलली नाही.

"पास," मामा म्हणाला आणि दार उघडून बाहेर आला. केसांत भिंतीची भुकटी, शर्टाची इस्त्री गेलेली. त्यानं हिरवी टिकली काढली आणि कडीवर लावली. मग आईकडं वळून म्हणाला, "अक्का, जा. बघून घे."

आई वॉकर टेकत टेकत आत गेली. दार लागलं. हात न उंचावता तिनं कडी सरकवली, त्या कडीचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला.

आणि मामा दाराकडं पाठ करून उभा राहिला. हातांची घडी घालून, समोरच्या भिंतीकडं बघत, अगदी ताठ. आपण काय करतोय हे त्याच्या लक्षातही आलं नसावं. अण्णा बाहेरून आत आले, त्याला तसं बघून थबकले आणि पाय न वाजवता परत बाहेर गेले.

मामी हळूच म्हणाली, "अहो, कडी हाय आता."

"असू दे," मामा म्हणाला आणि तिथंच उभा राहिला.